दानाची घडी कशी बसवावी: शिष्यत्व, वेळ आणि पैसा

करिंथच्या ख्रिस्ती मंडळीला प्रेषित पौलाने पैशाबद्दल लिहिलं ते एखाद्या हिशेबी माणसासारखं. आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपापल्या मिळकतीच्या मानाने काही बाजूला काढून स्वतःजवळ ठेवावं, म्हणजे मी आल्यावर वर्गण्या गोळा करत बसायला नको (१ करिंथ १६:२). कधी, कोणी, किती आणि कुठे, चारही प्रश्नांची उत्तरं एका ओळीत. द्यायचं मन पुष्कळांना असतं, पण घडी बसलेली नसते. मग अर्पणाची थैली समोर आली की खिशात हाताला लागेल ती नोट पडते आणि महिनाअखेरीस काय दिलं ते कुणालाच सांगता येत नाही.

त्याच पौलाने मासेदोनियाच्या मंडळ्यांबद्दल लिहिताना क्रमही सांगून ठेवला आहे: त्यांनी प्रथम स्वतःला प्रभूला दिलं (२ करिंथ ८:५). म्हणून इथेही आधी वेळ, आज्ञापालन आणि सोबत यांचं पाहू, मग पाकिटाचं.

चार आठवडे नुसतं लिहा

बुरूज बांधणारा आधी बसून खर्चाचा अंदाज घेतो, असं येशूने शिष्यत्वाबद्दलच म्हटलं (लूक १४:२८). त्यासाठी एक वही पुरते. डाव्या पानावर वेळ, उजव्या पानावर पैसा. आठवड्याचे तास १६८. त्यातले झोप आणि कामाचे वगळून उरलेले कुठे गेले ते रोज रात्री पाच मिनिटांत लिहायचं. अर्ध्या तासाच्या हिशेबाने लिहिलं तरी चालेल. पैशाची नोंद मात्र पैन्‌पै.

या चार आठवड्यांत काहीही सुधारू नका. पहिल्याच दिवसापासून सुधारणा सुरू केली की वहीत आपण आहोत तसे दिसत नाही, दिसायला हवे तसे दिसतो, आणि पुढचं सगळं गणित त्या खोट्या चित्रावर उभं राहतं.

महिना भरल्यावर वही घेऊन बसा. मिळकत हातात आली त्या दिवशी पहिला खर्च कशावर झाला? दिलेलं जे आहे ते महिन्याच्या सुरुवातीचं आहे की शेवटी उरलेलं? आणि कुठल्या नोंदीवर कुणी बोट ठेवलं तर आपण लगेच खुलासा करायला लागू? त्या नोंदीवर खूण करून ठेवा. ती पुढे लागेल.

वाचन एका आज्ञेपर्यंत न्या

रोज वीस मिनिटं पुरतात: पाच शांत बसून प्रार्थनेला, दहा वाचनाला, पाच लिहायला. सुरुवातीला मार्काचं शुभवर्तमान घ्या. सोळा अध्याय आहेत, रोज एक वाचला तर सोळा दिवसांत होतं. त्यानंतर डोंगरावरील प्रवचन, मत्तय ५ ते ७. तीन अध्यायांत १११ ओव्या आहेत, पण इथे घाई नको. एक परिच्छेद आठवडाभर पुरवा.

खरं काम शेवटच्या पाच मिनिटांत असतं. वाचलेल्यातून आज करायची एकच गोष्ट एका ओळीत लिहायची, आणि त्या ओळीत माणूस, वेळ आणि कृती तिन्ही हवीत. ‘आज अधिक नम्र व्हायचं’ ही ओळ निरुपयोगी आहे, कारण संध्याकाळी ती झाली की नाही हे ठरवताच येत नाही. ‘तो अहवाल सहकाऱ्याने केला होता, माझ्या नावावर गेला, आज दुपारच्या बैठकीत सगळ्यांसमोर सांगायचं’ ही ओळ चालते. दुसऱ्या दिवशी वाचनाआधी कालची ओळ वाचा आणि तिच्यापुढे ‘झालं’ किंवा ‘नाही’ एवढंच लिहा. सलग तीन दिवस ‘नाही’ आलं तर नवीन ओळ लिहू नका. तीच पुन्हा घ्या.

बिघडतं कुठे? वाचनाचं वेळापत्रक चार दिवस चुकतं, चार दिवसांची थकबाकी एका बैठकीत उरकायची असं ठरतं, ती उरकत नाही, आणि वही बंद होते. चुकलेले दिवस सोडून द्या, आजच्या तारखेचं वाचा. वाचनाची थकबाकी देवाने मागितलेली नाही.

अर्पणाच्या आधीची एक पायरी

वेदीपाशी दान घेऊन उभं असताना भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर दान तिथेच ठेवून आधी समेट कर, असं मत्तय ५:२३-२४ सांगतं. तिथे आपल्या मनात त्याच्याविरुद्ध असलेल्या गोष्टीची चर्चा नाही. हा फरक वाचताना हमखास निसटतो.

समेटाला जाताना चार वाक्यं तयार ठेवा: मी काय केलं, त्याने तुझं काय नुकसान झालं, मला क्षमा कर, आणि भरपाईसाठी मी काय करू. ‘पण’ हा शब्द चारही वाक्यांत येता कामा नये. ‘तुला वाईट वाटलं असेल तर’ हेही नको. त्यात चूक ऐकणाऱ्याच्या वाटण्याची ठरते. समोरच्याने क्षमा केली नाही तर वाद न घालता निघा, आणि कबूल केलेली भरपाई मात्र करा. ज्याच्यापासून जिवाला धोका आहे अशा माणसाकडे एकटं जाण्याचा आग्रह इथे कुणी धरू नये.

पैशाचं देणं असेल तर ते दानात मोजायचं नाही. जक्कय या जकातदाराने दोन वेगळे आकडे सांगितले (लूक १९:८): गरिबांना अर्धी मालमत्ता, आणि ज्याच्याकडून अन्यायाने घेतलं त्याला चौपट. चोरलेल्या मेंढराबद्दल चार मेंढरं हा नियमशास्त्राचा हिशेब होता (निर्गम २२:१). पहिलं दान, दुसरी परतफेड. कामगाराची अडकवलेली मजुरी, भावंडांचा दाबलेला हिस्सा, उसने घेऊन विसरलेले पैसे या यादीत कुणाकुणाचं काय आहे ते वहीत लिहा आणि दशमांशाचा विचार करण्याआधी ती यादी फेडायला घ्या. याकोबाच्या पत्रात ओरडते आहे ती अडकवलेली मजुरीच (५:४).

तिघे-चौघे सोबत हवेत

१७४२ साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये, मेथडिस्ट चळवळ उभारणाऱ्या जॉन वेस्ली यांच्या सहकाऱ्यांपुढे प्रश्न होता सभागृहाच्या कर्जाचा. एकाने सुचवलं, प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. ज्यांना तेवढंही जमत नाही त्यांचं काय, असं कुणीतरी म्हणालं. त्यावर तो म्हणाला, सगळ्यांत गरीब अकरा जण माझ्याकडे द्या. त्यांना देता आलं तर ठीक, नाहीतर त्यांचं मी भरतो. पेनी गोळा करायला घरोघर जाताना कोणाचं जगणं कुठे घसरलंय ते दिसायला लागलं आणि त्यातून बारा-बारा जणांचे आठवडी वर्ग उभे राहिले. शिष्यत्वाची एवढी मोठी शिस्त वर्गणीच्या चोपडीतून निघाली, हे दान आणि शिष्यत्व वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं.

बारा जण जमवायची गरज नाही, तीन-चार पुरे. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, दीड तास. पहिली वीस मिनिटं खुशाली, पुढची तीस एका उताऱ्यावर, पंचवीस प्रश्नांना, शेवटची पंधरा प्रार्थनेला. प्रश्न तीनच ठेवा, आणि दर आठवड्याला तेच: वहीतल्या कुठल्या ओळीपुढे ‘नाही’ आलं? पैसा कुठे सोडवेना? कोणाला टाळलं?

पहिल्याच बैठकीत नियम स्पष्ट बोलून घ्या. ऐकलेलं बाहेर जाणार नाही. अपवाद एकच, कुणाच्या जिवाला किंवा लहान मुलाला धोका असेल तर. मागितल्याशिवाय सल्ला नाही. गटातल्या गटात उसनवारी नाही, कारण कर्जदार आणि सावकार एकमेकांपुढे खरं बोलत नाहीत. मुदत बारा आठवड्यांची ठेवा. मग ज्याला पुढे यायचं तो येईल, ज्याला थांबायचं तो मानाने थांबेल. मुदत नसलेले गट भांडून मोडत नाहीत, कंटाळून विरतात.

एक धोका मोठा आहे. गटातला एखादा हळूहळू पहारेकरी होतो. कुणी नोकरी कुठे करावी, लग्न कुणाशी करावं, हेही ठरवू लागतो. प्रश्न विचारणाऱ्याने स्वतःच्या वहीपासून सुरुवात करायची, हा त्यावरचा साधा उपाय. जो स्वतःचं उत्तर देत नाही त्याला दुसऱ्याला विचारायचा हक्क नाही.

वाटा किती, आणि कशाचा

दशमांशावरून मंडळ्यांमध्ये जेवढा वाद होतो तेवढा मुळात नाही. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश गावातल्या लेवी (मंदिरसेवेच्या कुळातला माणूस), परका, अनाथ आणि विधवा यांच्यासाठी सांगितला आहे, म्हणजे तो नुसता मंदिराचा कर नव्हता. नव्या करारात मंडळ्यांना लिहिताना पौल आकडा देत नाही. ज्याने त्याने मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, कुरकुरत किंवा भाग पडलं म्हणून नव्हे (२ करिंथ ९:७). आणि नसेल त्याच्या मानाने नव्हे, असेल त्याच्या मानाने (८:१२). दहावा हिस्सा ही वाटेवरची चांगली खूण आहे. तिचं छत करू नये, आणि काठीही करू नये. पुदिना, शेप आणि जिऱ्याचा दशमांश देऊन न्याय, दया आणि विश्वास सोडून देणाऱ्या परुश्यांना (नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या पंथाला) येशू काय म्हणाला ते मत्तय २३:२३ मध्ये आहे. त्याने दशमांश मोडायला सांगितलं नाही, पण तेवढ्यावर सुटकाही केली नाही.

आजवर काहीच ठरवून दिलं नसेल तर मिळकतीचे शंभर भाग धरा आणि तीन भागांपासून सुरुवात करा. दर सहा महिन्यांनी एक भाग वाढवा. तीनाचे दहा व्हायला सात वाढी लागतात, म्हणजे साडेतीन वर्षं. हे संथ वाटतं, पण घरखर्चाला त्या मापात बसायला वेळ मिळतो. एका भारावलेल्या सभेनंतर थेट दहा भाग सुरू करून तिसऱ्या महिन्यात गुपचूप शून्यावर येण्यापेक्षा हे बरं. मिळकत वाढली तर त्या वाढीतला वाटा पहिल्याच महिन्यात ठरवून टाका. दोन महिने गेले की वाढलेल्या रकमेची घराला सवय होते आणि मग ती सोडवत नाही.

कर कापण्याआधीच्या रकमेवर की नंतरच्या? दोन्हींपैकी एक निवडा, वहीत लिहा आणि वर्षभर बदलू नका. दर महिन्याला सोयीची बाजू निवडणं हीच खरी अडचण. व्यवसाय असेल तर विक्रीवर नव्हे, खर्च वजा जाता उरलेल्या नफ्यावर. मिळकत अनियमित असेल तर महिन्याचा ठराविक आकडा धरू नका. पैसे येतील त्या दिवशी त्या रकमेचा ठरलेला भाग बाजूला काढा. आले नाहीत त्या आठवड्यात काढायचं काही नाही.

कर्ज असेल तर हप्ता आधी. जो पैसा दुसऱ्याचा आहे तो दान करता येत नाही, आणि दान देण्यासाठी नवं कर्ज काढणं ही श्रद्धा नाही. जास्त व्याजाचं कर्ज डोक्यावर असताना एक भाग देत राहा, हाताला सवय राहावी म्हणून, आणि बाकीचा जोर कर्जावर लावा.

घरच्यांचं पोट मारूनही दान होत नाही. आईवडिलांना जे द्यायचं ते ‘कुर्बान’ म्हणजे देवाला अर्पण झालं, असं सांगून हात झटकणाऱ्यांना येशूने फटकारलं (मार्क ७:११-१३). नवराबायकोने आकडा एकत्र बसून ठरवावा. एकाचं मन नसेल तर जो आकडा दोघांना मान्य आहे तो लिहावा, मग तो एकच भाग का असेना. एकाने दुसऱ्याला न सांगता दिलेलं दान पुढे कुठल्या तरी भांडणात बाहेर येतंच.

रक्कम ठरली की तिला जागा द्या. मिळकत येईल त्याच दिवशी ती वेगळ्या खात्यात किंवा पाकिटात जायला हवी. दहा भाग निघत असतील तर सहा मंडळीच्या कामाला, तीन आपल्याला ठाऊक असलेल्या गरजांना, आणि एक भाग अचानक दाराशी येणाऱ्यासाठी, अशी वाटणी सुरुवातीला सोयीची पडते. तो शेवटचा एक भाग वगळू नका. तो नसला की अनपेक्षित मागणीला आपलं उत्तर कायम नकार असतं, आणि हळूहळू मन तसंच बनतं.

वेळेचंही तसंच. शेताच्या कडेकोपऱ्यातलं पीक कापू नका, ते गरिबाला आणि परक्याला राहू द्या, असं लेवीय १९:९-१० सांगतं. आठवड्यातले दोन तास असेच न कापता मोकळे ठेवा: कुणाला दवाखान्यात न्यायचं असेल, कुणाचा अर्ज भरून द्यायचा असेल. सगळा आठवडा काठोकाठ भरलेला असेल तर रस्त्यात पडलेल्या माणसापाशी थांबणार कोण? उदाराला पैशाआधी वेळ कमी पडतो.

देताना

उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, हे पाळायचं तर फोटो नाही, व्यासपीठावरून नाव नाही, आणि घेणाऱ्याला आभाराचं भाषण करायला लावायचं नाही. ओळखीच्या माणसाला मदत करताना शक्य तिथे विश्वासू मध्यस्थामार्फत, नाव न सांगता पोचवा. एरवी दोघांच्या नात्यात एक पायरी वर आणि एक खाली होते.

विचारायचं ते एवढंच: गरज नेमकी काय, कधीपर्यंत, आणि आणखी कोण मदत करतंय. भूक किंवा औषध असेल तर प्रश्न नंतर. बाकी कुठल्याही ‘आत्ताच द्या’ आवाहनाला दोन दिवस थांबून उत्तर द्या. भरल्या डोळ्यांनी नवस बोलू नका. बोललेलं न फेडण्यापेक्षा न बोललेलं बरं (उपदेशक ५:५). पहिल्या-दुसऱ्या शतकातल्या दिदाखे या छोट्या शिकवणीत एकीकडे मागेल त्याला दे असं आहे, दुसरीकडे कोणाला द्यायचं ते कळेपर्यंत दान तुझ्या हातात घामाने भिजू दे, असंही आहे. आणि स्वतःसाठी पैसे मागणारा फिरता संदेष्टा खोटा समजावा, असंही त्यात आहे. दोन्ही टोकं इतक्या लवकर लोकांना सांगावी लागली होती.

उसने मागितले तर मनातल्या मनात ते गेले असं धरून द्या. गेले तर चालणार नाहीत एवढी रक्कम असेल तर देऊच नका. त्याच माणसाची तीच गरज तिसऱ्यांदा आली की पैसे आणि नकार यांच्या मधलं काहीतरी करायची वेळ आलेली असते: त्याच्याबरोबर बसून मिळकत, खर्च, देणी लिहून काढा. काम न करणाऱ्याने खाऊही नये हे वाक्य (२ थेस्सल ३:१०) काम करायची इच्छा नसलेल्याबद्दल आहे. ज्याला काम मिळत नाही किंवा झेपत नाही त्याच्या तोंडावर ते मारू नये.

मंडळीकडे गेलेला पैसा

यरुशलेमसाठी जमवलेली रक्कम नेताना पौलाने मंडळ्यांनी निवडलेला माणूस सोबत घेतला, कुणी बोट ठेवू नये म्हणून (२ करिंथ ८:१९-२१). प्रेषितालाही जे आवश्यक वाटलं ते आपल्या पाळकांना अपमानकारक वाटायचं कारण नाही. अर्पण नात्यात नसलेल्या दोघांनी, त्याच जागी, त्याच दिवशी मोजावं. चिठ्ठीवर दोघांच्या सह्या असाव्यात. रक्कम पुढच्या कामाच्या दिवशी खात्यात जावी. महिन्याचा जमाखर्च सगळ्यांना दिसेल असा लावावा. विधवांसाठी म्हणून आलेला पैसा छपराला लागता कामा नये. हिशेब विचारल्यावर ‘देवाच्या सेवकावर शंका घेता?’ असं उत्तर येत असेल तर वाटा काढणं थांबवू नका, पण तो दुसरीकडे वळवा.

‘इतकं पेरा, इतक्या पटीने मिळेल’ या हाकेपासूनही दूर राहा. दोन टोल्या (अगदी लहान नाणी) टाकणाऱ्या विधवेची गोष्ट मार्क १२:४१ पासून सुरू होते. तिच्या आधीची ओवी विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांबद्दल आहे, आणि त्या विधवेला पुढे कितीपट मिळालं याबद्दल मार्क एक अक्षर लिहीत नाही.

हात रिकामा झाला तर

नोकरी गेली, आजारपण आलं, तर शून्याचा कुठलाही भाग शून्यच. मागचा वाटा कर्जासारखा डोक्यावर ठेवू नका. अशा वेळी गटाला पहिल्या आठवड्यातच सांगा, देणी साचून व्याज चढल्यावर नव्हे. सांगताना रक्कम आणि तारीख सांगा: ‘भाड्याला इतके कमी पडतात, पाच तारखेपर्यंत हवेत.’ ‘जरा अडचण आहे’ एवढ्यावर कुणाला काय करावं ते कळत नाही. वर्षानुवर्षं देत आलेल्यांना हे वाक्य सगळ्यांत जड जातं. फिलिप्पैकरांची मदत पौलाने घेतली आणि तसं लिहूनही ठेवलं (४:१५-१८). वही या दिवसांतही चालू ठेवा, फक्त उजव्या पानावर आलेलं कुणाकडून आलं ते लिहा, फेडीसाठी नव्हे तर प्रार्थनेत नावं घेता यावीत म्हणून. मिळकत पुन्हा सुरू झाली की त्या पहिल्या रकमेतून एक भाग बाजूला काढा आणि सहा महिन्यांनंतरच्या पानावर दुसऱ्या भागाची तारीख टाकून ठेवा.